मोटर बसवलेली सायकल: मागचं स्पॉकेट किती दात्यांचं घ्यावं आणि खरा वेग किती मिळतो

खोक्यातून सायकलीला बसवायच्या इंजिनाचं किट बाहेर निघायच्या आधीच भाच्याचा प्रश्न तयार होता. “मामा, ऐंशी सीसी हाय. ऐंशीनं पळंल ना?”

मी म्हटलं, ते ऐंशी आहे का ते तर आधी बघू. हेड उघडलं, व्हर्नियर लावला. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ४७ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची खालीवर धाव) ३८ मिमी. मोबाइलवर गुणाकार केला तर ६६ सीसी. ‘८०’ नुसतं खोक्यावर छापलेलं होतं. या प्रकारच्या टू-स्ट्रोक किटांची हीच तऱ्हा आहे, त्यामुळे विकणाऱ्याशी भांडत बसण्यात अर्थ नाही. ज्याला ४८ म्हणतात ते मात्र ४० मिमी बोअरचं, खरोखर ४८ च्या आसपास असतं.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, गोदावरीच्या पट्ट्यात. इकडं पोरं फवारणी पंपाचं, ग्रास कटरचं किंवा असं मागवलेलं इंजिन सायकलीला जोडतात. वेल्डिंग जमतं, क्लच वायर जमते, इंजिन चालूही होतं. मग कुणी म्हणतं सायकल पळत नाही, कुणी म्हणतं चढत नाही. शंभरातल्या नव्वदांचं दुखणं एकच, की मागचं स्पॉकेट, म्हणजे चेन बसते ते दातेरी चक्र, वेगाच्या हौसेनं निवडलेलं असतं. ते निवडावं तुमच्या रोजच्या वाटेवरच्या सगळ्यात वाईट तुकड्याकडं बघून. कसं, ते पुढं सांगतो.

पैसे घालायच्या आधी कायदा

हे थोडक्यात, पण डोळे उघडे ठेवून वाचा. मोटार वाहन कायदा १९८८ मधल्या व्याख्येनुसार चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असलेलं वाहन ‘मोटार वाहन’ धरलं जात नाही. २५ च्या वर गेलात की ती मोटरसायकलच झाली. मग पासिंग, विमा, लायसन्स, हेल्मेट सगळं आलं, आणि घरी जोडलेल्या सायकलीचं पासिंग करून घेणं सोपं नाही. बॅटरीवाल्यांसाठी मर्यादा वेगळी आहे: २५० वॅटपेक्षा कमी ताकद आणि ताशी २५ किमीपेक्षा कमी वेग.

म्हणजे ४८ किंवा ६६ सीसीची सायकल आपल्या शेतात, आपल्या जागेत. डांबरी रस्त्यावर काढायची असेल तर २५ सीसीच्या आतलं इंजिन घ्या. यात एक गंमत आहे. बाजारात ‘२६ सीसी’ म्हणून मिळणारे फवारणी पंप या रेषेच्या केसभर पलीकडं पडतात. इंजिनाच्या पाटीवरचा आकडा वाचूनच पाकिटाला हात घाला.

भाच्याची सायकल आमच्या आणि चुलत्यांच्या शेतातून जाणाऱ्या खासगी रस्त्यावर चालते. सरळ, पूर्व-पश्चिम, पाऊण किलोमीटर. पुढचे सगळे प्रयोग तिथलेच आहेत.

दाते मोजा, चाक मोजा

इंजिनाचा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, मिनिटाला पाच हजार वेळा खालीवर होतो आणि चाक तेवढ्या वेळात पावणेतीनशे-तीनशे फेरेच घेतं. मधल्या या घटीला गुणोत्तर म्हणू. ती दोन ठिकाणी होते.

पहिली घट इंजिनाच्या पोटात. उजव्या बाजूचं झाकण काढलं की एक छोटं आणि एक मोठं गिअर दिसतं. या किटांत सहसा २० आणि ८२ दाते असतात, म्हणजे ४.१ पट. तिला आपल्याला हात लावायचा नाही. दुसरी घट चेनची. पुढचं स्पॉकेट १० दात्यांचं, मागचं ४४ चं, म्हणजे ४.४ पट. दोन्हींचा गुणाकार १८.०४. किटाबरोबर येणारं गुणोत्तर बहुधा हेच असतं.

पुढचं स्पॉकेट बदलायच्या नादी लागू नका. पुढचा एक दाता मागच्या साडेचार दात्यांना भारी पडतो, आणि तिथं जागाही नसते. खेळ मागच्या स्पॉकेटवरच करायचा.

आता चाक. टायरवर २८ x १½ लिहिलंय म्हणून २८ इंचांचा व्यास धरून त्याला पायनं (π, ३.१४) गुणू नका. हवा भरा, टायरला खाली जमिनीला टेकतो तिथं चुन्याचा ठिपका द्या, सायकलवर बसा आणि कुणाला तरी धरून सरळ ढकलायला सांगा. ओसरीच्या फरशीवर दोन ठिपके उमटले की मधलं अंतर टेपनं मोजा. आमच्या काळ्या, दांड्याच्या ब्रेकवाल्या सायकलीचं २ मीटर २० सेंटीमीटर भरलं. २६ इंची रेंजर सायकलीचं २ मीटर ५ च्या आसपास भरतं. माणूस वर बसलेला असणं महत्त्वाचं, कारण वजनानं टायर दबतो.

मग हिशेब एका ओळीचा आहे. आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांना, चाकाच्या घेरानं (मीटरमध्ये) गुणा, ०.०६ नं गुणा, आणि एकूण गुणोत्तरानं भागा. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये येतं.

आमच्या चाकाचे, ५००० आरपीएमचे आकडे असे आले:

३६ दाते, गुणोत्तर १४.७६: ताशी ४४.७ किमी
४४ दाते, गुणोत्तर १८.०४: ताशी ३६.६ किमी
४८ दाते, गुणोत्तर १९.६८: ताशी ३३.५ किमी
५६ दाते, गुणोत्तर २२.९६: ताशी २८.७ किमी

पाच हजारच का? ही इंजिनं याच्या वरही फिरतात, पण साडेपाच हजाराच्या पुढं हँडल हाताला मुंग्या आणतं, नट सुटायला लागतात आणि ताकद फारशी वाढत नाही. तास-अर्धा तास न कुरकुरता चालायचं असेल तर पाच हजार ही माझी रेघ. तुमचं इंजिन नीट बॅलन्स झालेलं असेल तर पाचशे वर धरा.

कागदावरचा वेग वाटेवर का दिसत नाही

यादी बघून भाच्याचं बोट थेट ३६ वर गेलं. “हेच बसवू. चव्वेचाळीस!” मीही अडवलं नाही. काही गोष्टी चेन चढवल्याशिवाय डोक्यात शिरत नाहीत.

जून संपत आला होता. आपल्याकडं तेव्हा पश्चिमेचा वारा कसा सुटतो, हे ज्यानं त्या दिवसांत सायकल मारलीय त्याला सांगायला नको. पश्चिमेला तोंड करून पूर्ण रेस दिली. इंजिन घुमायला लागलं, जडसा ‘भूंऽऽ’ आवाज, आणि मोबाइलवर काटा ३३ ला येऊन थांबला. हिशेब उलटा लावला तर इंजिन ३७०० आरपीएमवर अडकलं होतं. पाच हजाराला जाण्याइतका दमच त्याच्यात नव्हता.

दुसऱ्या दिवशी ४४ चं चढवलं. तीच वाट, तसाच वारा. काटा ३६ वर. कागदावर हळू असलेलं स्पॉकेट वाटेवर ताशी तीन किलोमीटरनं पुढं निघालं.

याचं कारण वाऱ्याच्या हिशेबात आहे. माणूस, सायकल, इंजिन, पेट्रोल मिळून १०५ किलो धरा. सरळ बसलेला माणूस म्हणजे वाऱ्यापुढं उभं केलेलं दारच. सपाट डांबरावर, वारा पडलेला असताना ताशी ४० ला साधारण ०.९ हॉर्सपॉवर लागते. ५० ला १.७. ६० ला २.७. वेग दीडपट झाला आणि ताकद तिप्पट लागली, कारण वाऱ्याला ढकलायची ताकद वेगाच्या घनानं वाढते. भाच्याच्या ऐंशीचाही हिशेब करून दाखवला: सहा हॉर्सपॉवर. हे ६६ सीसीचं किट बरं जुळून आलं तर दोनच्या आसपास देतं. दोन हॉर्सपॉवर पन्नाशीच्या थोडं पुढं नेईल, तेही वारा नसताना, गुणोत्तर अगदी जुळलेलं असताना आणि सायकलीचं काही सुटत नसताना.

समोरून ताशी १५ चा वारा असेल तर ४० ला लागणारी ताकद ०.९ वरून १.६ वर जाते. तुम्ही चाळिशीत चाललाय, पण वारा तुम्हाला पंचावन्नच्या गतीनं भेटतोय. ज्याच्या शेताची वाट पश्चिमेला आहे त्यानं जून-जुलै धरूनच हिशेब करावा. जानेवारीतल्या शांत सकाळी घेतलेली ट्रायल त्याला फसवेल.

इंजिनाला जिथं ताकद सुटते तिथं त्याला पोहोचू द्या, एवढाच स्पॉकेटचा उपयोग. स्पॉकेट ताकद वाढवत नाही. फार लहान घेतलं तर इंजिन ताकदीच्या जागेपर्यंत चढत नाही. फार मोठं घेतलं तर ती जागा लवकर ओलांडून नुसतं किंचाळत राहतं. सपाटीला, वारा नसताना पूर्ण रेसमध्ये इंजिन ५००० च्या थोडं वर स्थिरावलं तर निवड बरोबर आहे.

उन्हाळ्याचं एक वेगळंच आहे. मराठवाडा समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास, त्यात मे महिन्यात पारा ४२ ला. हवा विरळ होते, इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो आणि ताकद दहा-बारा टक्के तरी उतरते. सपाटीला हे फारसं जाणवत नाही, कारण विरळ हवा आडवतेही कमी. चढाला मात्र कुठलीच भरपाई नसते. दिवाळीत चढलेला चढ मे मध्ये चढत नाही, आणि पोरं कार्बोरेटर खोलून बसतात.

चढ डोळ्यानं जोखू नका, पाणसळीनं मोजा

‘थोडासा चढ आहे’ या वाक्याला काही किंमत नाही. गवंड्याची पाणसळ आणि बरोबर एक मीटर लांबीची सरळ पट्टी घ्या. पट्टीचं एक टोक चढाच्या वरच्या बाजूला रस्त्यावर टेकवा, खालचं टोक उचला, पाणसळीतला बुडबुडा मध्ये आला की थांबा. उचललेल्या टोकाखाली जमिनीपर्यंत किती सेंटीमीटर भरतात ते मोजा. जेवढे सेंटीमीटर तेवढे टक्के चढ. तीन-चार जागी मोजून सगळ्यात मोठा आकडा धरा.

आमच्या विहिरीकडच्या टेकाडाला मी आयुष्यभर ‘किरकोळ’ म्हणत आलो. पट्टी लावली तर ७ सेंटीमीटर!

आता हा आकडा स्पॉकेटशी जोडा. माझ्या हिशेबानं, ६६ सीसीच्या बऱ्या इंजिनावर १०५ किलो वजन घेऊन, पायडल न मारता ३६ दाते पाच टक्क्यांचा चढ काढतात, ४४ दाते सातचा आणि ५६ दाते साडेनऊचा. यात वारा नाही, रस्ता डांबरी आहे. मागं युरियाची ४५ किलोची गोणी टाकली की ४४ दात्यांची मजल साडेचार टक्क्यांवर येते. मुरूम उखडलेल्या किंवा पावसानं भिजलेल्या काळ्या मातीच्या वाटेवर आणखी दोन-तीन टक्के वजा करा. भिजलेली काळी माती चेनमध्ये आणि मडगार्डखाली भरली की कुठलंच स्पॉकेट कामाला येत नाही. सायकल खांद्यावर घ्यायची.

चढावर इंजिन घुसमटायला लागलं की लोक क्लच अर्धा धरून रेस देतात. आम्हीही दिली. विहिरीच्या टेकाडावर ३६ च्या स्पॉकेटनं तिसऱ्या खेपेला जळका वास आला, क्लचमधले घासणारे तुकडे काळे पडले आणि नंतर सपाटीलाही क्लच घसरायला लागला. चढाच्या पायथ्याशी पायडल मारायला सुरुवात करावी, गती तुटायच्या आधी. धडधाकट माणसाचे पाय शंभर वॅट सहज देतात. तेवढ्यानं ताशी वीसच्या गतीला आणखी पावणेदोन टक्क्यांचा चढ निघतो. सायकलीला पायडल आहे, तर लाजायचं कशाला?

उताराची गोष्ट उलटी. ५६ दाते लावून उतारावर सायकल पन्नाशीला गेली तर चेन इंजिनाला साडेआठ हजाराच्या वर फिरवते. त्यात तुम्ही रेस बंद केलेली असते, म्हणजे पेट्रोल जात नाही, आणि टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच जातं. कोरडा पिस्टन आणि सगळ्यात जास्त फेरे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की इंजिन जाम होतं. लांब उताराला क्लच दाबून ठेवा म्हणजे चेन इंजिनाला ओढत नाही, आणि वेग ब्रेकनं आवरा.

मग कुणी कोणतं घ्यावं

पैठण, गेवराई, माजलगाव, परभणी, नांदेडच्या नदीकाठच्या सपाट शिवारात एकट्या माणसासाठी ४४ चांगलं आहे. किटाबरोबर येतं, वेगळा खर्च नाही. थोडं वजन नेत असाल, वाट पश्चिमेची असेल, किंवा मधे एखादा सात टक्क्यांचा चढ असेल तर ४८. आमचं शेवटी हेच ठरलं.

बालाघाटाच्या डोंगराळ भागात, म्हणजे पाटोदा, धारूर, मांजरसुंबा, येडशीच्या बाजूला, किंवा कन्नड, खुलताबादकडच्या अजिंठ्याच्या रांगांत असाल तर ५० च्या खाली बघूच नका, आणि शेत माळावर असेल तर सरळ ५६. तिशीच्या आतला वेग मान्य करा. ३६ कुणाला? मला विचाराल तर कुणालाच नाही. व्हिडिओ काढणाऱ्यांना असेल.

रस्त्यावर चालवायच्या २५ सीसीवाल्यांचा हिशेब वेगळा. ३५ मिमी बोअर आणि २६ मिमी स्ट्रोकचं फोर-स्ट्रोक इंजिन ७००० आरपीएमला कशीबशी एक हॉर्सपॉवर देतं. गिअर आणि चेनमध्ये थोडी जाते. सपाटीला ताशी ३२ ते ३५ एवढीच आशा धरा. ६५०० आरपीएमला ३५ चा वेग हवा असेल तर आमच्या २.२० मीटरच्या चाकाला एकूण गुणोत्तर साडेचोवीसच्या आसपास लागतं. एका चेननं एवढी घट होत नाही. त्यासाठी नऊ दाते पुढं आणि दोनशेवर मागं लागतील! म्हणून मधे पाच पट घट करणारी गिअरपेटी घ्यायची आणि पुढं ९, मागं ४४. पाच गुणिले ४.८९ म्हणजे २४.४, जमलं.

या इंजिनांचा क्लच आपोआप लागणारा असतो. फेरे वाढले की आतले बूट फाकून ड्रम धरतात. गुणोत्तर कमी पडलं आणि चढावर फेरे घसरले की बूट अर्धवट धरून घासत राहतात आणि ड्रम निळा पडतो. त्यामुळे एका हॉर्सपॉवरवाल्यानं पायडल हा मुख्य गिअरच समजावा. दौलताबादचा घाट नुसत्या रेसवर चढायचं स्वप्न बघू नये.

बसवताना: तारा मोजा

इथं आम्ही खरी ठेच खाल्ली. किटातलं मागचं स्पॉकेट दोन रबरांच्या मधे तारा दाबून नऊ बोल्टांनी चाकाला आवळायचं असतं. नऊ बोल्ट म्हणजे ३६ तारांचं चाक धरून केलेली रचना, दर चार तारांना एक बोल्ट. आपल्या काळ्या सायकलीच्या मागच्या चाकाला तारा असतात ४०, पुढच्याला ३२. आम्ही मोजल्या नाहीत. नऊ बोल्टांतले चार-पाच तारांवर चढले, तरी पान्यानं आवळून बसवले. शंभर किलोमीटरही झाले नसतील, एका संध्याकाळी मागून ‘टण्ण’ आवाज आला, मग आणखी एक. सात तारा तुटल्या होत्या आणि रिम पापडासारखी वाकली होती. चूक आमचीच.

४० तारांचं चाक असेल तर हबवर आवळणारा क्लॅम्प घ्या, ज्यावर स्पॉकेट बोल्टनं बसतं आणि तारांवर जोर येत नाही. हबची जाडी व्हर्नियरनं मोजून लेथवाल्याकडून त्या मापाचा करून घेतला तरी चालतो. आम्ही तसाच केला. नाहीतर ३६ तारांचं चाक बांधून घ्या.

बसवल्यावर सायकल उलटी करा, चेनच्या वाटेत फ्रेमला एक खिळा बांधून त्याचं टोक स्पॉकेटच्या दात्यांजवळ आणा आणि चाक सावकाश फिरवा. टोक आणि दाते यांतलं अंतर फेरीत एक मिलिमीटरपेक्षा जास्त हलत असेल तर बोल्ट थोडे ढिले करून, समोरासमोरचे आवळत सरळ करा. अर्धा तास जातो. वाकडं स्पॉकेट कमी दात्यांचं असो की जास्त, चेन उतरवणारच, आणि उतरलेली चेन मागच्या चाकात अडकली तर माणूस हँडलवरून पुढं जातो.

चेनची लांबीही बदलते. अर्ध्या इंची कड्यांच्या या चेनला स्पॉकेटचे दाते सहानं वाढवले की तीन-एक कड्या जास्त लागतात. ४४ वरून ४८ ला जाताना मागचं चाक पुढं सरकवून आमचं भागलं. ५६ ला जाणाऱ्यानं चेनचा तुकडा आणि दोन जोड आधीच आणून ठेवावेत. जोडाची क्लिप लावताना तिचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला.

ब्रेकचा वेग तोच तुमचा वेग

दांड्याच्या ब्रेकची सायकल माणसाच्या पायाच्या गतीसाठी केलेली आहे. वीसवरून चाळीसवर गेलात की थांबवायची ऊर्जा चौपट होते आणि थांबायला अंतरही चौपट लागतं. वीसला चार मीटरमध्ये थांबणारी सायकल चाळीसला सोळा मीटर खाते, त्यात रबर ओलं असेल तर विचारूच नका. आमच्या रस्त्यावर चुन्याची रेघ मारून मी भाच्याला तीसवरून थांबायला लावलं. रेघेपासून थांबल्या जागेपर्यंत पावलं मोजली, आणि तो स्वतःच म्हणाला, “मामा, पुढचं ब्रेक बदलू.” पुढं कॅलिपर ब्रेक आणि नवी रबरं लावल्याशिवाय मी त्याला पूर्ण रेस देऊ दिली नाही.

शेवटची ट्रायल

नवं इंजिन असेल तर पहिल्या तीन-चार टाक्या वेग मोजायचाच नाही. रेस अर्ध्यावर, ऑइल बनवणाऱ्यानं सांगितलं तेवढं. मग सकाळी, वारा कमी असताना, टायरमध्ये हवा भरून, मोबाइलचं जीपीएस लावून एकाच तुकड्यावर जाताना आणि येताना दोन्हीकडून मोजा. एकाच बाजूचा आकडा म्हणजे वाऱ्याचा आकडा.

आमचे ४८ दात्यांचे आकडे: पूर्वेकडं ३८, पश्चिमेकडं ३१, सरासरी साडेचौतीस. उलटा हिशेब केला, म्हणजे वेगाला गुणोत्तरानं गुणून २.२० आणि ०.०६ च्या गुणाकारानं भागलं, तर सरासरी ५१४० आरपीएम आले. विहिरीचं टेकाड दोन पायडल मारून निघालं.

ट्रायल झाल्या झाल्या गरम सायकलीवरचे इंजिनाचे, स्पॉकेटचे आणि क्लॅम्पचे सगळे नट पुन्हा आवळून घेतले. क्लॅम्पचा एक पाव फेरा सुटलेला निघाला. चेन बोटानं दाबून बघितली, अर्धा इंच हलत होती, तशीच ठेवली. भाच्यानं वहीत ‘४८ दाते, ३४.५’ लिहिलं आणि खाली बारीक अक्षरात ‘८०’ लिहून त्याच्यावर फुली मारली.